बाजूच्या सीटचं वजन

३ फेब्रुवारी

काडीमामा,

नमस्कार. तुला फोनवर ऐकू येत नाही हे मला मान्य आहे. पण परवा मी "आई दुकान बंद करतेय" असं घसा फोडून सांगत होते आणि तू दर वेळी "मीही बरा आहे" म्हणत होतास. आमच्या शेजारपाजारच्यांना मात्र बातमी नीट कळली. तेव्हा यापुढे पत्रच.

तर आई शिवणाचं दुकान बंद करतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता सुईदोरा पुरे असं सांगितलंय. तिने आधी ते कानाआड केलं. मग गेल्या महिन्यात एका वकिलांच्या पँटचे दोन्ही पाय डावे शिवले. वकील भिडस्त, ती घालून कोर्टातही गेले आणि म्हणे दिवसभर एकाच बाजूला वळत राहिले. हे कळल्यावर आईने स्वतःच ठरवलं. पंधरा मार्चला चाव्या जागामालकाच्या हातात द्यायच्या.

पण तिची एक अट आहे. दुकानात तिने शिवलेलं पहिलं काम म्हणजे तुझा कोट, तू ड्रायव्हिंग स्कूल काढलंस तेव्हाचा. शेवटचं कामही तुझाच कोट असणार. तो तुझ्या अंगावर चढलेला बघितला की मशीनवर झाकण. तोवर मशीन चालू. रोज संध्याकाळी ती डोळे चोळत बसते आणि विचारलं तर म्हणते कचरा गेला. एवढा कचरा कुठून येतो ते मला कळतं, मामा.

तू दीड वर्षात इकडे फिरकला नाहीस. तुझं नाव निघालं की तिची कात्री जरा जोरात चालते. तेव्हा ये. आठ मार्चला रविवार आहे, निवृत्त होताना तू मला दिलेल्या तुझ्याच गाडीतून मी तुला न्यायला येते. कोटाचं माप लगेच कळव.

तुझी
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र वाचून मन भरून आलं. तो पहिला कोट अजून आठवतो. मी तेव्हा इतका सडपातळ होतो की ताईने माप घेतल्यावर कापडवाल्याने विचारलं, हे छत्रीचं आहे का. पुढे विद्यार्थीही काडीमास्तर म्हणू लागले. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट अभिमानच वाटत आला.

यायची इच्छा फार आहे. पण कंबर. डॉक्टरांनी हादरे वर्ज्य सांगितलेत आणि आपल्या गाडीला मी चांगला ओळखतो. माझी उभी हयात तिच्या बाजूच्या सीटवर गेली. चाकाखाली सुपारी आली तरी माझ्या मणक्याला तिचा आकार कळायचा. आता तर तिच्या स्प्रिंगा माझ्यापेक्षा म्हाताऱ्या झाल्या असतील.

बसने येईन म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या वाहनात माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि सापडला नाही की घाम फुटतो. शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक फक्त आपल्या गाडीत आहे. म्हणजे यायचं तर तिच्यातून, आणि तिच्यातून येणं कंबरेला झेपणार नाही. तूच सांग, मी काय करू.

तेव्हा कोट पोस्टाने पाठवावा. मी अंगात घालून कसा झाला ते सविस्तर कळवीन. माप जुनंच चालेल. सोबत एक शर्ट पाठवतोय, ताईला म्हणावं बटण लावून दे. हल्ली दोरा फार कच्चा येतो.

तुझा
काडीमामा

१४ फेब्रुवारी

मामा,

तुझी पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवते, तिला बारीक अक्षर लागत नाही. कालचं ऐकल्यावर तिने शर्ट हातात घेऊन उलटासुलटा केला, बराच वेळ चाचपला आणि म्हणाली, "गाडीमुळे अडलंय ना त्याचं? मग गाडीच दुरुस्त करून टाक." आई अशा आवाजात बोलली की मी पुढे प्रश्न विचारत नाही.

तर मी गाडीला कॉइलओव्हर बसवतेय. घाबरू नकोस, सांगते. हादरे जिरवणारा शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा मिळून एकच नग. नळीला बाहेरून आटे असतात, बरणीच्या तोंडाला असतात तसे. त्या आट्यांवर एक कडं बसतं. कडं पान्याने वर फिरवलं की गाडीचा तेवढाच कोपरा उचलला जातो, खाली फिरवलं की बसतो. असे चार कोपरे, प्रत्येकाची उंची हवी तशी लावता येते. शिवाय वर एक बटण असतं, ते कट कट फिरवून गाडी मऊ चालायला हवी की कडक ते ठरवायचं. तुझ्या कंबरेसाठी मी मऊच्या टोकाला नेणार आहे.

गॅरेजचे मिस्त्री खूश आहेत. त्यांना गाडी जितकी जमिनीला चिकटेल तितकी देखणी वाटते. इतक्या जुन्या आणि इतक्या छोट्या गाडीला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं म्हणाले. मी म्हटलं, इतका हट्टी मामाही कुणाला नसेल.

आता महत्त्वाचं. कोपरे लावताना आत बसणाऱ्यांचं वजन सीटवर असावं लागतं, नाहीतर माणूस बसला की गाडी कलते. माझं वजन मी दिलंय. बाजूच्या सीटसाठी तुझं कळव. आणि बरोबर कळव. चार ग्रॅम सोडा जास्त पडला तर केक बसतो, अशा धंद्यातली बाई आहे मी.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद, पण जरा हात आखडता घेऊन.

गाडीची उंची कमीजास्त? ती गाडी आहे की ताईच्या मशीनपुढचं स्टूल? त्या गाडीने अर्ध्या गावाला गिअर शिकवले. एका दंतवैद्याने तिला पुन्हा पुन्हा त्याच एका खांबावर नेऊन घातलं. शेवटी खांब वाकला, पण तिला पोचासुद्धा आला नाही. आणि आता तुझे मिस्त्री तिला जमिनीवर बसवणार. तूच काय ते बघ. माझ्या ब्रेकला मात्र कुणी हात लावायचा नाही.

माझी कंबर एवढ्याने सुधारेल असं वाटत नाही. पण तू ऐकणार नाहीस, कारण तू तुझ्या आईची मुलगी आहेस.

वजन विचारलंस. अडुसष्ट. वर्षानुवर्षं अडुसष्टच. काट्यावर चढायचीही गरज पडत नाही, नुसत्या आठवणीतून सांगतो.

इकडे बाकी ठीक. आहार अगदी मोजका ठेवलाय. मध्ये स्वयंपाकघरातली खुर्ची मोडली. लाकूड किडकं निघालं. मग बाहेरच्या खोलीतलीही मोडली. कीड पसरत चाललीय, पलंगाची काळजी वाटते.

तुझा
काडीमामा

२८ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. खरोखरच साष्टांग, कारण पत्र गाडीखाली आडवी पडून लिहितेय. मिस्त्री पुढच्या कड्यावर शेवटचा पाना फिरवतायत आणि मी विजेरी धरलीय.

काम झालं. सुरुवात मात्र वाईट झाली. मिस्त्रींनी आधी स्वतःच्या आवडीने उंची लावली. गाडी दिसायला फारच ऐटदार दिसली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. मागे रांग लागली. कुणीतरी सुचवलं की बाई, तुम्ही उतरा, भार हलका होईल. मी उतरले. गाडी लगेच वर आली आणि माझ्याशिवाय उतारावरून चालती झाली. मिस्त्रींनी धावत जाऊन, खिडकीतून अर्धे आत शिरून तुझा ब्रेक हाताने दाबला, म्हणून वाचलो. त्यांना आता तुझ्या ब्रेकबद्दल फार आदर वाटतो.

मग मी कारभार हातात घेतला. बाजूच्या सीटवर मैद्याच्या पिशव्या रचून बरोबर अडुसष्ट किलो केले. शेवटचा मैदा वाटीने घातला. पिशव्या सरकू नयेत म्हणून पट्टा लावला आणि वर तुझी जुनी टोपी ठेवली, जागेवरच होती म्हणून. केकचे थर सपाट आहेत का बघायची माझी पाणसळ गाडीत आडवी ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत एकेक कडं फिरवून घेतलं. मामा, गाडी आता ओट्यासारखी सपाट उभी राहते.

चालवून बघायला निघाले तर चौकातला वाहतूक पोलीस एकदम ताठ झाला आणि मैद्याला सलाम केला. म्हणाला, "मास्तर, ओळखलंत का? तुम्हीच मला लायसन मिळवून दिलं." मी म्हटलं त्यांना कमी ऐकू येतं. तो म्हणाला, "अजून तसेच सडसडीत आहेत. रंग मात्र उजळला."

तीन थरांचा केक घेऊन खडीच्या रस्त्याने गेले, वरची साखरेची कळीसुद्धा हलली नाही. आई बसून आली, ती वाटेत झोपली. तेव्हा कंबरेचं कारण आता बाद. आठ तारखेला सकाळी येते. आईने कोटाला बाह्या जोडल्या. त्या जोडून झाल्यावर तिला समोरचं घड्याळ दिसत नव्हतं. तू लवकर ये.

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं काम वाचून ऊर अभिमानाने भरून आला. मिस्त्रींनाही शाबासकी सांग.

फक्त एक किरकोळ गोष्ट राहिली. माझ्याबरोबर थोडं सामान असेल. अंदाजे तीस किलो. ते मी मांडीवर घेऊन बसणार आहे. तेव्हा बाजूच्या सीटवर तेवढं वजन जास्तीचं धर आणि कडं त्या हिशोबाने फिरवून घे. विशेष काही नाही. सांगितलेलं बरं म्हणून सांगितलं.

तुझा
काडीमामा

५ मार्च

मामा,

तीस किलो मांडीवर? तुझ्या त्या कंबरेने? मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले सामान डिकीत, मांडीवर फक्त डबा. म्हणून पुढचं कडं आहे तिथेच ठेवलंय आणि मागच्या दोन्ही बाजू जरा उचलल्या. पुस्तकं आहेत का? भांडी असतील तर चिंध्यांत गुंडाळून ठेव.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तोंडात टाचण्या धरून कोटाचा घेर बांधत होती, ती एवढी हसली की टाचणी गिळता गिळता वाचली. कशाला हसलीस विचारलं तर सांगत नाही. डोळे पुसत म्हणाली, "येऊ दे, सामानासकट येऊ दे."

रविवारी दहाच्या सुमाराला पोचते.

भिंगरी

८ मार्च
(दाराला अडकवलेली चिठ्ठी)

भिंगरी,

सामान डिकीत जाण्यासारखं नाही. ते जरा माझ्याशी जोडलेलं आहे.

मला तातडीने बाहेर जावं लागतंय. कंबर एकाएकी धरली म्हणून पळत जातोय. वाट पाहू नये.

काडीमामा

८ मार्च, संध्याकाळ

मामा,

मी घरी पोचले. मैद्याला घेऊन गेले होते, मैद्यालाच घेऊन परत आले.

तुझ्या दाराशी मी तासभर बसले. आतून बिस्किटं चावल्याचा आवाज येत होता, म्हणजे घरात उंदीर झालेत, त्यांचं काहीतरी कर. तुझे शेजारी म्हणाले, "मास्तर मागच्या भिंतीवरून गेले असतील." मग स्वतःच म्हणाले, "छे, भिंतीवरून कसले जातायत हल्ली." तुझी कंबर इतकी वाईट झालीय हे मला माहीत नव्हतं. पण मग पळत कसा गेलास?

मला राग आलाय. तो तुझ्या कंबरेचा नाही. आई सकाळपासून चांगलं लुगडं नेसून दुकानाच्या दारात उभी होती. लांबून तिला बाजूच्या सीटवर टोपी दिसली आणि ती हात वर करून पुढे आली. जवळ आल्यावर तिला मैदा दिसला. नुसतं "बरं" म्हणाली आणि आत जाऊन सुईत दोरा ओवायला बसली. मी ओवून देते म्हटलं तर हात झिडकारला. मामा, तो दोरा जाईपर्यंत माझ्याने तिथे उभं राहवलं नाही.

तिनेही तुला काहीतरी लिहिलंय. पाकीट चिकटवून दिलंय, मला वाचू दिलं नाही. सोबत घालतेय.

भिंगरी

काडी,

अक्षर मोठं काढलंय, मला दिसावं म्हणून. मी ओरडतेय असं समज. थोडी ओरडतेच आहे.

तुझा शर्ट आला. दोरा कच्चा असला की बटण एकटं पडतं. तुझं बटण कापडाचा तुकडा घेऊन गेलंय, तोही पोटावरचा. मी तेव्हाच समजले.

दीड वर्ष माझं मन मला खात होतं की माझं काय चुकलं. आपण शेवटचे भेटलो तेव्हा मी काही लागट बोलले का, रात्रंदिवस आठवून बघितलं. आणि निघालं काय, तर तुझं पोट. लहानपणी ताप आला की तुला खांद्यावर टाकून मी डॉक्टरांकडे पळायची, तेव्हा तुझं वजन मी कधी विचारलं होतं?

तू आलास की मी तुला भरपूर बोलणार आहे, ते आधीच सांगून ठेवते. बोलून झालं की जेवायला वाढणार.

कोट तुझ्या जुन्या मापाने कापलेला नाही. अंदाजाने कापलाय आणि शिवणीत माया भरपूर ठेवलीय. बाकीचं तू समोर उभा राहिलास की करीन. माझ्या डोळ्यांत आता एवढ्या एका कोटापुरतंच उरलंय. ते मी पोस्टाने पाठवणार नाही.

जागामालकाकडून आठवडा मागून घेतलाय. भिंगरीला मी काही बोलले नाही. तुझा खरा आकडा तूच तिला सांग. पोरगी बिचारी वाटीने मैदा मोजते.

ताई

१२ मार्च

ती. ताई आणि चि. भिंगरी,

हे पत्र भिंगरीने मोठ्याने वाचावं. माझी हरकत नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही आणि लपेल एवढं ते लहानही नाही.

मी घरात होतो. उंदीर मीच.

काल वखारीत जाऊन बटाट्याच्या काट्यावर बसलो. वखारवाल्याने पोतं समजून आधी वजनाची पावती फाडली, मग ओळखलं. सत्त्याण्णव किलो, चारशे ग्रॅम. त्यातले चारशे ग्रॅम पट्ट्याच्या बकलाचे समजा. अडुसष्ट म्हणजे मी आणि वरचं ते सामान.

हे कसं झालं ते सांगतो. मी काडी होतो तो काही खाण्यापिण्याच्या शिस्तीने नाही. मी भीतीने बारीक होतो. सकाळपासून रात्रीपर्यंत नवशिक्याच्या शेजारी बसायचं, समोरून ट्रक येतोय आणि हा मला विचारतोय, मास्तर, क्लच कुठला. जे खाल्लं ते पुढच्या चौकापर्यंत जिरायचं. निवृत्त झालो, भीती संपली आणि अंग भरायला लागलं. घरात दुसरं कुणी नाही. चार वाजता चहा होतो, चहाबरोबर बिस्किटं, आणि बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत माझ्याशी बोलायला तेवढा पुडाच असतो.

मग लोक विचारायला लागले, काडीमास्तर कुठे गेले. माझ्यासमोर उभं राहून मलाच विचारायचे. ताई, तू मला काडी म्हणून हाक मारणार आणि मी दारात असा उभा राहणार, याची मला लाज वाटली. तुला वाईट वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं तू फक्त चिडली असशील. चिडलेली ताई मला परवडते. दारात उभी राहून वाट बघणारी नाही परवडत.

भिंगरी, कडं वर घे. शनिवारी मी सकाळपासून फाटकात उभा असेन. बसायला खुर्ची उरलेली नाही.

काडी

३० मार्च

मामा,

तू आठवडाभर राहून गेलास आणि घर एकदम मोठं झालं. आठवड्यातल्या ज्या गोष्टी तुला माहीत नाहीत तेवढ्याच लिहिते.

एक म्हणजे, तू कोट घालून उभा राहिलास, आईने शिवण उसवून माया सोडली, पुन्हा टीप मारली, सगळी बटणं लागली आणि तिने दोन पावलं मागे जाऊन तुला डोळे बारीक करून बघितलं. मग मशीनवर झाकण घातलं. तेव्हा मी तिथे नव्हते आणि तुला वाटलं मी चहा करायला गेले. मी मागच्या मोरीत तोंड धुवत होते. पुष्कळ वेळ धुवत होते.

दुसरं म्हणजे, येताना तू दर वळणावर तुझा ब्रेक दाबलास, तो माझ्या ड्रायव्हिंगवरचा अविश्वास समजून मी सोडून दिला. पण चौकात तू तो दाबलास तेव्हा त्या पोलिसाने खिडकीत वाकून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "मास्तरांना काय खायला घालता? महिन्याभरात?" मी म्हटलं, "मैदा."

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. बाजूची कडी तुझ्या सत्त्याण्णव किलोंना लावलीत. तू आत असलास की पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध. पण तुला सोडून एकटी परत आले आणि गाडी माझ्या बाजूला कलली. तुझी बाजू हवेत. सगळ्या रस्त्याने मी खिडकीला खांदा लावून आले. काल लग्नाचा केक न्यायचा होता, तो आडवा आडवा सरकत गेला. पोचेपर्यंत वरच्या साखरेच्या नवरीने साखरेच्या नवऱ्याला कडेवरून खाली ढकललं होतं. मुलीची आई म्हणाली, घाई कशाला करायची, हे तर पुढे होणारच आहे.

आज मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी तुझ्या बाजूचं कडं खाली आणायला पाना लावला, तेवढ्यात आई बाहेर आली. हल्ली ती सकाळी उठून दुकानाच्या किल्ल्या शोधते, मग आठवतं, मग नुसती बसून राहते. हातात टेप असतो, समोर माप घ्यायला कुणी नसतं. मला तिच्याकडे बघवत नाही. ती मिस्त्रींना म्हणाली, "त्या बाजूला हात लावायचा नाही. ज्याचं माप घेतलंय तो येऊन बसू दे."

तेव्हा मामा, आता दर शनिवारी केक पोचवायला तुला गाडीत बसावं लागणार आहे. दुसरा इलाज नाही, गाडीच तशी लावलीय. रात्री मुक्काम इथे.

भिंगरी

५ एप्रिल

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. शनिवारी मी कोट घालून तयार असेन. सामान बरोबर असेल, डिकी उघडायचे कष्ट घेऊ नयेत.

ताईने दम दिल्यापासून मी रोज सकाळी टेकडीवर फिरायला जायला लागलो होतो. तुझं पत्र आलं आणि ते मी तातडीने थांबवलं. गाडी सत्त्याण्णवला लावलेली असताना मी बारीक होत जाणं हा गाडीशी विश्वासघात ठरेल. बिस्किटंही पूर्ववत सुरू केली आहेत. केवळ तुझ्या केकच्या काळजीपोटी.

तुझा
काडीमामा

ता. क. शेवटचा परिच्छेद ताईला वाचून दाखवू नये.

९ एप्रिल

मामा,

दाखवला. आधी वाचून झाला, मग ता. क. दिसला.

आई चपला घालून थेट मिस्त्रींकडे गेली आणि त्यांच्याकडून कडं फिरवायला शिकून आली. तिला त्यासाठी डोळे लागत नाहीत म्हणाली, आटे बोटांना कळतात. पाना आता तिच्या टेपशेजारी खिळ्याला टांगलाय.

शनिवारी गाडीत तीही येतेय. ठरलंय असं की तू बाजूच्या सीटवर बसायचं, मी पाणसळ ठेवायची आणि तू जेवढा उतरला असशील तेवढं कडं आईने खाली आणायचं. कडं जिथल्या तिथे राहिलं तर तुला चालत घरी पाठवायचं, तेही टेकडीवरून. दर शनिवारी. पार अडुसष्टपर्यंत.

टेकडी उद्यापासून परत सुरू कर, मामा. आज ती सकाळी किल्ल्या शोधायला उठली नाही. पाना पुसत बसली होती आणि मला विचारत होती, शनिवारला अजून किती दिवस आहेत.

भिंगरी